रविवारी संध्याकाळी मेस बंद असते : बुजऱ्या विद्यार्थिनीचे पहिले वर्ष

कानकाठची

नमस्कार. मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली. बारावीनंतर पुण्यातल्या एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आणि आता पहिले सत्र संपत आले आहे. बोलण्यापेक्षा लिहिणे मला सोपे जाते, म्हणून हा धागा काढते आहे.

मी लहानपणापासून अबोल आहे, पण गावी असताना त्याची अडचण कधी झाली नाही. तिथे मी कोणाची मुलगी, कोणाची नात, हे सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे स्वतःची ओळख करून देण्याची वेळच आली नाही. वर्गातल्या मुली पहिलीपासूनच्या होत्या. मैत्री कशी करतात हे मी कधी शिकलेच नाही, कारण ती आपोआप झालेली होती. इथे प्रत्येक तासाला नव्याने सुरुवात करावी लागते. नव्या अभ्यासक्रमात मुख्य विषयाला एक मुले असतात, खुल्या ऐच्छिक विषयाला वाणिज्य आणि कला शाखेची वेगळी मुले असतात आणि भाषेच्या तासाला तिसरीच. सकाळी जिच्या शेजारी बसले ती दुपारी दिसत नाही. धीर गोळा करून एखादीचे नाव विचारावे, तर पुढची गाठ पडेपर्यंत आठवडा गेलेला असतो आणि मग पुन्हा नाव विचारायची लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी मला उभे करून एक प्रश्न विचारला. उत्तर येत होते. पण घाबरल्यावर तोंडातून घरचीच भाषा येते. आम्ही घरी अहिराणी बोलतो. मी ‘मला’ म्हणण्याऐवजी ‘माले’ म्हणाले आणि मागच्या बाकांवरून हसू आले. सरांनी त्यांना गप्प केले, पण त्या दिवसापासून मला विचारले की मी ‘माहीत नाही’ एवढेच म्हणते.

सगळ्यांत अवघड असते ती रविवारची संध्याकाळ. पुण्यातल्या मेसचा नियम इथे बहुतेकांना माहीत असेल. रविवारी दुपारी गोडाचे जेवण आणि संध्याकाळी सुट्टी. वसतिगृहातल्या मुली घोळक्याने बाहेर जेवायला जातात. ‘मी येऊ का?’ हे तीन शब्द मला अजून जमलेले नाहीत. हॉटेलात एकटीने बसण्याचा धीर होत नाही, म्हणून आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू खाऊन झोपते. आईचा फोन आला की जेवण झाले असे सांगते आणि मग त्या खोटेपणाचेही वाईट वाटत राहते.

मला माझा स्वभाव बदलून हवा आहे असे नाही. या स्वभावासकट इथे राहता येते का आणि कोणाला ते जमले असेल तर कसे जमले, हे मला विचारायचे आहे.

---

परभणीकर

तुझ्या पत्रातल्या रविवारच्या संध्याकाळीपाशी मी बराच वेळ थांबले. मी २००९ साली परभणीहून पुण्याला शिकायला आले होते, तेव्हा माझ्या लाडवांच्या जागी भाजलेले पोहे होते, बाकी सगळे हेच.

मी एक चूक केली, ती तू करू नकोस. पहिल्या सत्रात मी दर पंधरा दिवसांनी घरी जात असे. शुक्रवारी रात्री निघायचे आणि सोमवारी पहाटे परत. प्रत्येक वेळी परतताना पहिल्या दिवसाइतकेच रडू यायचे, कारण मी पुण्यात रुजायला सुरुवात केली की स्वतःच स्वतःला उपटून घरी नेत होते. शिवाय सुट्टीच्या दिवशीच वसतिगृहातल्या मुली एकमेकींच्या खोल्यांत बसतात, केसांना तेल लावतात, कपडे धुताना गप्पा मारतात, आणि नेमकी तेव्हा मी नसायचे. दिवाळीनंतर वडिलांनी प्रवासाच्या खर्चामुळे जाणे-येणे कमी करायला सांगितले. मला त्यांचा राग आला होता, पण माझ्या ओळखी झाल्या त्या त्यानंतरच.

दुसरे म्हणजे आईला खरे सांग. तिला काळजी वाटेल, हे मान्य आहे. पण मुलगी काहीतरी लपवते आहे, हे आयांना तसेही कळतेच.

---

खडू

मी कोल्हापूरला महाविद्यालयात शिकवते आणि गेली अनेक वर्षे प्रथम वर्षाचे वर्ग घेते, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने चार गोष्टी सांगते.

वर्ग सतत बदलण्याबद्दल तू लिहिले आहेस ते अगदी नेमके आहे आणि आम्हा शिक्षकांनाही ते उशिरा लक्षात आले. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू झाला आणि मुलांना शाखेबाहेरचे विषय निवडता येऊ लागले. ही गोष्ट चांगलीच आहे, पण पूर्वी एक तुकडी तीन वर्षे एका खोलीत बसायची. त्या सहवासात न बोलणारे मूलसुद्धा हळूहळू सगळ्यांच्या ओळखीचे होत असे, त्याला वेगळे काही करावे लागत नसे. आता ती सोय राहिलेली नाही. त्यामुळे जे घडत नाही त्याचा सगळा दोष तुझ्या स्वभावाकडे जात नाही, हे आधी मनात पक्के कर.

आता ‘माले’बद्दल. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. काही विद्यार्थ्यांना एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. नंतर त्यांना विचारले की खोलीतल्या किती जणांच्या तो लक्षात आला असेल? त्यांचा अंदाज जवळपास निम्म्यांचा होता, पण प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनीच तो पाहिला होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की दोन अनोळखी माणसे बोलल्यानंतर समोरच्याला आपण जितके आवडलो असे प्रत्येकाला वाटते, त्यापेक्षा खरे तर जास्त आवडलेले असतो. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकून होता. तुझ्या वर्गात तो दिवस आज कोणाला आठवतो हे विचारले, तर मला वाटते फार हात वर होणार नाहीत.

तरीही ते हसणे चूकच होते आणि तू अहिराणीबद्दल ओशाळे होण्याचे कारण नाही. बहिणाबाईंची गाणी आपण पाठ्यपुस्तकांतून शिकवतो, ती खानदेशातल्या घरची बोलीच आहे. माझ्या वर्गात चंदगडी बोलणारी मुले येतात आणि तीही पहिले तीन महिने तोंड उघडत नाहीत.

मला एक सांग, प्रात्यक्षिकाला तुझी जोडीदार कोण आहे? रोल नंबरप्रमाणे जोड्या लावल्या असतील, तर तीच मुलगी वर्षभर तुझ्याबरोबर असणार. माझ्या पाहण्यात बुजऱ्या मुलांची पहिली मैत्री वर्गात फार क्वचित होते, ती बहुतेकदा प्रयोगशाळेत होते.

---

कानकाठची

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून मी थांबले, कारण तिच्याबद्दल लिहायचे मला सुचलेच नव्हते. माझ्या पुढच्या रोल नंबरची मुलगी माझी जोडीदार आहे आणि तिच्याशी मी बोलते. आम्ही टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजण्याचा प्रयोग, करतो तेव्हा ती ब्युरेटची, म्हणजे वरच्या काचेच्या नळीची, चावी धरते आणि मी खाली पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर फ्लास्क हलवत रंग बघते. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग आधी येऊन जातो, मग येऊन रेंगाळतो आणि मग एका थेंबाला टिकतो. तो थेंब चुकला की सगळे गडद होते आणि ते रीडिंग वाया जाते. त्यामुळे मला बोलावेच लागते : ‘हळू’, ‘थांब’, ‘अजून एक’, ‘बस’. परवा तिसरे रीडिंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळले, तेव्हा मी नकळत तिचा हात धरला होता. पण टेबल पुसून झाले, वह्या मिटल्या, की पुढे काय बोलायचे ते मला सुचत नाही आणि आम्ही आपापल्या वाटेने जातो. याला बोलणे म्हणायचे असते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

---

तिसरा बाक

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते रागाने नव्हे, काळजीने लिहितो. मीही अबोल होतो. अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षी कँपस मुलाखतींत लेखी परीक्षेत मी पुढे असायचो आणि गटचर्चेत बाहेर पडायचो. सात कंपन्यांमध्ये असे झाले. तेव्हा मला पहिल्याच वर्षी कोणीतरी व्यासपीठावर ढकलायला हवे होते असे वाटले. नंतर नोकरी मिळाली ती बोलण्याचा सराव केल्यावरच. त्यामुळे ‘आहे त्या स्वभावासकट’ हे ऐकायला बरे वाटले तरी पुढे त्याची किंमत मोजावी लागते. वक्तृत्व स्पर्धेत नाव दे, वर्ग प्रतिनिधी हो, एकदा फजिती झाली की भीती मोडते.

---

खडू

सराव हवा हे मला मान्य आहे, पण तो व्यासपीठापासून सुरू करावा हे मान्य नाही. पोहायला शिकणाऱ्याला थेट विहिरीत टाकण्याची पद्धत आपल्याकडे होती आणि त्यातून काही जण पोहायला शिकलेही, पण जे जन्मभर पाण्याकडे फिरकले नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. ‘माले’ म्हटल्यावर हसलेल्या वर्गापुढे या मुलीला लगेच भाषणाला उभे केले, तर काय होईल याचा विचार करावा. तुम्हाला मोठ्या सभेचा सराव लागला, तो तुम्ही योग्य वेळी केला. हिच्यापुढे आज दोन माणसांतले बोलणे लांबवायचे काम आहे.

---

माणदेशी

पोरी, मी आता निवृत्त आहे. १९७८ साली माण तालुक्यातल्या एका वाडीवरून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात आलो. ते महाविद्यालय कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली सुरू केले आणि ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना. घरून पैसे येण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून मी त्या योजनेत नाव घातले. माझ्या बुजरेपणावर तोच उपाय ठरेल, हे तेव्हा कोणाच्या मनात नव्हते.

वर्गात मी सगळ्यांत मागे बसायचो. अंगात एकच धड शर्ट होता, तो रात्री धुऊन सकाळी घालायचो, आणि कोणी जवळ आले की त्याची ओल लक्षात येईल अशी धास्ती असायची. योजनेत मला झाडांना आणि भाजीच्या वाफ्यांना पाणी घालण्याचे काम मिळाले. रबरी पाइप लांब आणि जड होता, एकट्याला ओढत नसे. म्हणून माझ्याबरोबर दुसरा एक मुलगा दिला, तोही माझ्यासारखाच मुखदुर्बळ. पहिले पंधरा दिवस आम्ही ‘ओढ’, ‘सोड’ आणि ‘पाणी आलं’ एवढेच बोललो. मग एकदा पाइपाला भोक पडले आणि ते सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने कसे बांधावे यावर आमचा वाद झाला. दोघेही शेतकऱ्याची पोरे, दोघांनाही आपलेच खरे वाटत होते. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. त्याच्या गावाकडे विहिरीला किती परस पाणी आहे, आमच्याकडे किती खोल जावे लागते, छावणीत गुरे कधी नेली, असे ते बोलणे वाढत गेले. पुढे तो माझ्या लग्नात वरातीच्या पुढे होता आणि मागच्या वर्षी त्याच्या तेराव्याला मी तीन दिवस त्याच्या घरी होतो.

सांगायचे कारण असे, की आम्हाला कोणी ‘बोला’ म्हटले नव्हते. आम्हाला काम दिले होते, आणि ते काम एकट्याने होणारे नव्हते. बुजऱ्या माणसाला नुसते माणसांत नेऊन उभे केले की हातांचे काय करावे हेच त्याला कळत नाही. हातात पाइप असला की तोंड हळूहळू सुटते. तुझ्या त्या काचेच्या नळीचे वाचले तेव्हा मला आमचा पाइपच आठवला.

तुझ्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ असेल तर जरूर चौकशी कर. पुणे विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत ती चालते. ग्रंथालयात पुस्तके लावायचे काम मिळाले तर उत्तम. तीच तीच माणसे रोज त्याच वेळी समोर येतात. पैशाची गरज नसेल तर राष्ट्रीय सेवा योजनेत जा. वर्षाला १२० तासांचे काम असते आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर होते. सात दिवस एकत्र श्रमदान करायचे, एकत्र भांडी घासायची, एकाच सतरंजीवर झोपायचे. गावात कसे वावरायचे, चुलीला जाळ कसा घालायचा, म्हाताऱ्या बाईशी काय बोलायचे, हे तुला येते आणि शहरातल्या पोरींना येत नसते. तिथे तुझ्याकडेच विचारायला येतील.

---

आखेनहून

काकांनी लिहिलेले वाचून राहवले नाही. मी जर्मनीत आखेन शहरात पदव्युत्तर शिक्षण घेतले, मूळचा लातूरचा. मराठीत बुजरा असलेला माणूस जर्मनमध्ये किती बुजरा होत असेल याची कल्पना करा.

इथे विद्यापीठाच्या खानावळीला मेन्झा म्हणतात. लांबच लांब टेबले असतात आणि दुपारी जागा मिळत नाही, म्हणून प्रत्येकजण ताट हातात घेऊन अनोळखी माणसाला ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ असे विचारतो, म्हणजे ‘इथली जागा रिकामी आहे का?’. हे वाक्य मी पाठ केले. त्यासाठी धैर्य लागत नाही, कारण ते सगळेच म्हणतात आणि त्याचे उत्तर ठरलेले असते. पहिले तीन महिने मी दिवसाला तेवढे एकच वाक्य बोललो असेन. चौथ्या महिन्यात समोर बसलेल्या एकाने मी कुठला हे विचारले. बुजऱ्या माणसाने अशी दोन-तीन ठरलेली वाक्ये जवळ ठेवावीत. ‘आजच्या तासाच्या नोट्स आहेत का?’ हे आपल्याकडचे तसेच वाक्य आहे, आणि त्याला नाही म्हणणारा विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही.

---

निंबोणी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. धाग्यातले सल्ले चांगले आहेत, पण एक गोष्ट जोडणे मला माझे कर्तव्य वाटते. बुजरेपणा हा स्वभाव आहे, आजार नव्हे. परंतु लोक आपल्याला जोखत आहेत ही भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तिच्यामुळे तास, परीक्षा, तोंडी परीक्षा किंवा जेवणसुद्धा टाळले जाऊ लागले, आणि त्या प्रसंगाच्या नुसत्या विचाराने छातीत धडधड, घाम, थरथर होऊ लागली, तर त्याला आम्ही सामाजिक चिंतेचा विकार म्हणतो. त्यावर विचार आणि वर्तन बदलण्याची ठरावीक उपचारपद्धती आहे, गरज पडल्यास औषधेही आहेत आणि बहुतेकांना चांगला फरक पडतो.

कानकाठची, तू प्रयोगशाळेत बोलतेस, जोडीदाराचा हात धरतेस, इथे इतके मोकळे लिहितेस, त्यावरून तुला आजार आहे असे मी म्हणणार नाही, आणि लिहिलेल्या मजकुरावरून निदान करूही नये. मात्र रविवारी उपाशी झोपणे मला खटकते. ते थांबले पाहिजे, मैत्री होवो वा न होवो. कधी फार जड वाटले तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि विनामूल्य मिळते. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीतून बोलता येते. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचे दडपण येत असेल तर काय सांगायचे ते आधी कागदावर लिहून ठेव आणि वाचून दाखव, पलीकडच्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही.

---

कानकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही अनोळखी माणसांनी माझ्यासाठी इतके लिहिलेत, हे मी दोन-तीनदा वाचले.

रविवारी उपाशी झोपणे थांबले पाहिजे, हे डॉक्टरांचे वाक्य आधी मनावर घेतले. मैत्रीचे पुढे बघू, पण रविवारी जेवायचे, असे ठरवले. आखेनच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे वाक्य आधीच तयार केले आणि गुरुवारी दुपारी मेसच्या मावशींना विचारले, ‘रविवारी दुपारच्या पोळ्या संध्याकाळसाठी बांधून मिळतील का?’ हे वाक्य मी जिन्यावर चार वेळा म्हणून पाहिले होते. मावशींनी मान वर न करता सांगितले, ‘डबा आण ना. तिघी नेतात की.’ मी विचारले, कोण तिघी? त्यांना नावे माहीत नव्हती. एक चष्म्याची, एक नंदुरबारकडची आणि एक खूप तिखट खाते ती, एवढेच त्या म्हणाल्या. मी इतके महिने खोलीत लाडू खात होते तेव्हा त्या तिघी वरच्या गच्चीवर डबे घेऊन बसत होत्या.

प्रात्यक्षिकाच्या जोडीदारालाही विचारले. ती रविवारी हडपसरला मामाकडे जाते, त्यामुळे तिचे यायचे जमणार नाही. पण तिने विचारले, ‘तू कुठे जेवतेस मग?’ आणि या वेळी मी खरे ते सांगितले. ती काही बोलली नाही. शुक्रवारी तिने मामीने केलेल्या लसणाच्या चटणीची पुडी माझ्या जर्नलवर ठेवली आणि ब्युरेट धुवायला गेली.

काका, सेवा योजनेचा अर्ज भरला आहे. शिबिर जानेवारीत आहे, गाव अजून ठरायचे आहे. परभणीकर ताई, आईला अजून सांगितलेले नाही. रविवारी जेवून झाल्यावर सांगेन असे ठरवले आहे, म्हणजे तिला काळजी आणि समाधान एकाच फोनमध्ये मिळेल. त्या तिघींतली एक नंदुरबारकडची आहे. तिच्याशी मी अहिराणीतच बोलून बघणार आहे. डबा काल घासून ठेवला आहे.